खानदेशच्या उन्हाळ्यात माशांचं खाद्य कसं टिकवावं

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत खिडकीत ठेवलेली खाद्याची डबी आतून तापत राहते. दाण्यांतलं माशाचं तेल खवट होतं, क जीवनसत्त्व निघून जातं. मग मासे दाणा तोंडात घेतात आणि थुंकतात.

म्हणून पाकीट लहानच आणा. चार-पाच छोट्या माशांना १०० ग्रॅम खाद्य महिनोन् महिने पुरतं. किलोचं पाकीट स्वस्त पडतं, पण अर्ध्यावरच बिघडतं. घेताना तारीख बघा, बरणीतून सुटं दिलेलं घेऊ नका.

घरी आल्यावर पंधरा दिवसांपुरतं खाद्य घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत काढा. उरलेलं मूळ पाकिटातच ठेवून हवा दाबून काढा, झिपच्या पिशवीत घाला, फोडल्याची तारीख लिहा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. साधारण तीन महिन्यांत संपवा.

इथेच बहुतेकांचं चुकतं: फ्रीजरमधून काढलेली पिशवी लगेच उघडू नका. तासभर ओट्यावर राहू द्या. बाहेरून दवासारखे थेंब धरतात, ते पुसा आणि मगच उघडा. घाई केली तर तेच पाणी आत दाण्यांवर बसतं आणि बुरशी धरते.

रोजची डबी टँकच्या झाकणावर नको, तिथे लाइटची ऊब आणि पाण्याची वाफ दोन्ही लागतात. खाद्य कोरड्या चमच्यानेच घ्या, ओल्या बोटांची चिमूट नको.

दादर (ज्वारी) आणि गहू भरताना आपण कडुलिंबाचा पाला, पारद टिकड्या, बोरिक पावडर घालतो. हे माशांच्या खाद्याजवळही नेऊ नका. कडुलिंब माशांना बाधतो. ओल शोषायला सिलिका जेलची न फाटलेली पुडी पुरे.

शेततळ्यासाठी पोती आणत असाल तर ती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा आणि जुनं पोतं आधी फोडा.

ताज्या खाद्याला सुकटीसारखा वास येतो. जुन्या तेलासारखा वास आला, गुठळ्या झाल्या किंवा पांढुरकी-हिरवट लव दिसली, तर सगळं टाकून द्या. धान्यासारखं उन्हात घालून परत वापरू नका. ऊन दिल्याने दाणे कोरडे होतात, पण बुरशीचं विष तसंच राहतं आणि माशांच्या यकृतावर जातं. असलं खाद्य कोंबड्यांपुढेही टाकू नका.