हळदीचा डाग, श्रीखंडाचे डबे आणि आमची घरची शाळा

आधी हात भरू द्यायचे, मग बायबलचं वचन उघडायचं. मिरजेतल्या आमच्या घरात दोन वर्षं याच क्रमानं शाळा चालते. थोरला सात वर्षांचा, धाकटी साडेचार. सुरुवातीला मी उलटं करायचे: आधी बायबलमधली गोष्ट वाचायची, मग प्रश्न, शेवटी प्रयोग. तोवर धाकटी कॉटखाली जाऊन बसलेली असायची.

आठवड्याला एकच धडा घ्या, आणि पहिला धडा हळदीचाच घ्या. सांगली जिल्ह्यात राहून दुसरं काय शोधायचं? जुन्या पांढऱ्या सुती धोतराचे चार तुकडे करा. वाटीभर पाण्यात चमचाभर हळद कालवून तुकडे बुडवा आणि सावलीत वाळवा. मग एका तुकड्यावर कपडे धुवायची साबणाची वडी ओली करून मुलांनाच घासू द्या. पिवळा डाग बघता बघता लालसर होतो. वरून लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन क्षार लागला की रंग बदलतं, आम्ल लागलं की माघारी फिरतं. साबणाऐवजी खायचा चुना वापरला तरी चालतं, पण तो मुलांच्या हाती देऊ नका. डोळ्यात गेला तर फार वाईट.

आता राहिलेल्या तुकड्यांतला एक कपाटात ठेवा आणि एक ओला करून गच्चीवर कडक उन्हात टाका. संध्याकाळी दोन्ही शेजारी धरा. कपाटातला जसाच्या तसा पिवळा, उन्हातला फिका पडलेला. उजेडानं कर्क्युमिन मोडतं. त्या वेळी मी स्तोत्र ५१ काढते. मला धू म्हणजे मी बर्फाहून शुभ्र होईन, अशी दावीद राजाची प्रार्थना त्यात आहे.

धाकटीनं लगेच अडवलं. "मम्मी, बर्फ कुठं पांढरा असतो? तो तर काचेसारखा असतो." फ्रिजमधला ट्रे काढला. तिचं खरं होतं. मग एक खडा फडक्यात गुंडाळून बत्त्यानं ठेचला, तर चुरा पांढराशुभ्र. बारीक कणांवर उजेड चहूकडे विखुरतो म्हणून तसं दिसतं. बर्फगोळ्याचा किसही म्हणूनच पांढरा. हा धडा मी ठरवलेला नव्हता, पण मुलांच्या लक्षात तोच राहिला. असा प्रश्न आला की हातातलं सोडा आणि त्याच्यामागे जा.

एक गोष्ट मात्र पाळा. डाग ऊन काढतं आणि पाप देव क्षमा करतो, या दोन गोष्टी मुलांना एकच म्हणून सांगू नका. दाखला म्हणजे दृष्टांत; तो समजावतो, सिद्ध करत नाही. प्रभू येशूनं मोहरी, खमीर, पेरणी यांचे दाखले दिले ते लोकांच्या रोजच्या हाताखालचे होते म्हणून.

पेरणाऱ्याचा दाखला (मत्तय १३) करायला श्रीखंडाचे चार रिकामे डबे पुरतात. तळाला भोकं पाडा. एकात पायवाटेसारखी माती ठोकून घट्ट, दुसऱ्यात खडीवर बोटभर माती, तिसऱ्यात हरळीच्या मुळ्यांसकट माती, चौथ्यात शेणखत घातलेली काळी माती. चारींत मेथी टाका. वाटेच्या डब्यातले दाणे आमच्याकडे पहिल्याच दिवशी कबुतरांनी टिपले, सांगावं लागलंच नाही. खडीतली रोपं जोमानं आली आणि उन्हानं माना टाकल्या. पहिल्या खेपेला मी घाईनं रोज तांब्याभर पाणी ओतलं आणि चांगल्या मातीतली मेथीच कुजली. थोरला रडला. पाणी हातानं शिंपडा, ओतू नका.

वही फक्त थोरल्याला: तारीख, चित्र, एक ओळ. रोज पाऊण तास पुरे होतो. ६ ते १४ वयाला शिक्षण हक्क कायदा आहे, म्हणून पुढचा रस्ता आधीच बघून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) 'अ' पातळी तिसरीच्या बरोबरीची आहे. आम्ही तिकडेच निघालोय.

नोहाचं तारू, म्हणजे बायबलमधल्या महापुरातलं जहाज, मात्र घरात मावत नाही. लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. माझा ४४ सेंटिमीटर भरला, थोरल्याचा ३२. सुतळीचं बंडल घेऊन आम्ही सांगलीला कृष्णेच्या काठी गेलो. माझ्या हातानं तारू १३२ मीटर झालं, त्याच्या हातानं ९६. समोर आयर्विन पूल; २०१९ ला तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे त्याला त्याच्या पप्पांनी दाखवलं. पण त्याचं लक्ष सुतळीच्या दोन टोकांमधल्या जागेवरच. "मग नोहाचा हात केवढा होता?" आता बाजारात गजरा घेताना तो आधी फुलवाल्या मावशींचा हात बघतो.