गरीब रुग्णांच्या रुग्णालयांना प्रोत्साहन निधी कसा वाटावा

आधी वाटपाचा आधार ठरवा. खाटा मोजू नका, रिकाम्या खाटाही मोजल्या जातात. कमी उत्पन्नाच्या रुग्णांचे वर्षभरातले भरती-दिवस धरा, म्हणजे एक रुग्ण एक दिवस भरती असला की एक दिवस. समजा, एका रुग्णालयाचे १२,००० दिवस, दुसऱ्याचे ८,०००, निधी १० कोटी. मग वाटे ६ आणि ४ कोटी.

प्रत्येक वाट्यातले साधारण ७० टक्के आधीच द्या, उरलेले कामगिरीवर. सगळंच कामगिरीवर ठेवलं तर जिथे माणसं आणि यंत्रं कमी, तेच रुग्णालय आणखी मागे पडतं. तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करा. आजाराची तीव्रता हिशोबात घ्याच. नाहीतर अवघड रुग्ण दारातूनच परत पाठवले जातात, आणि कागदावर ते दिसतही नाही.

कामगिरीवरचा उरलेला हप्ता सोडण्यापूर्वी नोंदवही तपासा. रुग्णाचा वॉर्ड बदलला की एकाच दिवसाच्या दोन नोंदी होऊ शकतात.