तासगावच्या द्राक्षबागेवरून बहुस्तरीय मॉडेल शिकताना

बहुस्तरीय मॉडेल म्हणजे गटागटांत विभागलेल्या नोंदींचं, गटांमधला फरक वेगळा मोजणारं मॉडेल. ते शिकायला सांगली-साताऱ्याच्या विद्यार्थ्याला लांबचं उदाहरण शोधावं लागत नाही. समजा, तासगाव भागातले ४० प्लॉट घेतले, प्रत्येकातल्या १५ वेलींवर खूण केली आणि दर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरवर मण्यांची साखर मोजली. एका फेरीत ६०० नोंदी होतात. पण एका प्लॉटच्या वेलींना माती, पाणी, फवारणी सगळं एकच. साखरेतल्या एकूण फरकापैकी ३० टक्के फरक प्लॉटाप्लॉटांतला असेल, तर १ + (१५ − १) × ०.३ म्हणजे ५.२ ने नोंदींच्या संख्येला भागावं लागतं. मातीच्या प्रकारासारख्या प्लॉटभर सारख्या असणाऱ्या गोष्टीचा परिणाम पाहताना ६०० नोंदींची किंमत जेमतेम ११५ स्वतंत्र नोंदींएवढी उरते. साध्या रिग्रेशनला हे कळत नाही. ते प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) लहान दाखवतं आणि नसलेला परिणाम सापडल्यासारखा वाटतो.

सॉफ्टवेअर म्हणून आर (R) ही संख्याशास्त्राची भाषा आणि त्यातलं एलएमई-फोर (lme4) हे पॅकेज घ्या. दोन्ही फुकट आहेत. स्वतःची आकडेवारी घालण्याआधी त्यातलाच झोपेच्या अभ्यासाचा नमुना चालवा: १८ माणसं, १० दिवस, १८० ओळी. प्रतिक्रियेचा वेळ आणि दिवस यांचं मॉडेल, दिवसाचा रँडम स्लोप (प्रत्येक माणसाच्या रेघेचा वेगळा चढ) धरून, बसवलं की सुरुवात २५१.४ मिलिसेकंद आणि रोजची वाढ १०.४७ यायला हवी. तेवढी आली की मांडणी बरोबर जमली असं समजा.

आता बागेकडे. एक्सेलमध्ये प्रत्येक आठवड्याचा वेगळा स्तंभ करायची सवय असते. इथे उभी मांडणी हवी, एका ओळीत एका वेलीची एका दिवसाची एकच नोंद. वेलींचे क्रमांक प्रत्येक प्लॉटमध्ये १ ते १५ असेच दिले आणि मॉडेलमध्ये नुसतं ‘वेल’ लिहिलं, तर चाळीसही प्लॉटमधली १ नंबरची वेल सॉफ्टवेअर एकच धरतं. चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही. म्हणून सुरुवातीलाच ‘प्लॉट ७ वेल १’ असे वेगळे क्रमांक द्या, आणि निकालातली गटसंख्या तपासा: वेली ६००, प्लॉट ४०.

काळाचा शून्य कुठे ठेवायचा, यावर घाईत निर्णय घेऊ नका. कॅलेंडरची तारीख उपयोगाची नाही, कारण फळछाटणी प्रत्येकाची वेगळ्या दिवशी होते. छाटणीचा दिवस शून्य धरला, तर पहिले कित्येक आठवडे साखर जवळजवळ हलत नाही आणि सरळ रेघ बसत नाही. मण्यांत पाणी उतरण्याचा, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरायला लागण्याचा दिवस शून्य धरा. मग इंटरसेप्टला (शून्य दिवशीच्या अंदाजाला) अर्थ येतो, ती पाणी उतरतानाची साखर.

‘सिंग्युलर फिट’, म्हणजे मॉडेलने मागितलेला फरक नोंदींतून मोजता आला नाही, हा इशारा नवख्यांना हमखास भेटतो. एका वेलीच्या दोन-तीनच नोंदी असताना वेलीगणिक वेगळा स्लोप मागितला, की त्याचा फरक शून्यावर तरी येतो किंवा इंटरसेप्ट आणि स्लोप यांचा सहसंबंध १ किंवा −१ला टेकतो. आधी सहसंबंध काढा, तरी इशारा राहिला तर वेलीचा स्लोप काढा आणि प्लॉटचा ठेवा. मॉडेल जुळत नसल्याचा (कन्व्हर्जन्सचा) इशारा वेगळा. तिथे बहुधा चलांच्या मापांत फार तफावत असते. लिटरऐवजी हजार लिटर घेतलं तरी काम भागतं.

सगळ्यात जास्त फसवणूक शेवटच्या आठवड्यांत होते. जिथे साखर आधी भरते, त्या बागेचा माल आधी तुटतो. मागे उरतात त्या संथ बागा, त्यामुळे आठवडी सरासरीची रेघ शेवटी सपाट होते आणि साखर वाढायची थांबली असं वाटतं. अपुऱ्या नोंदींच्या वेली गाळून टाकल्या तर ही चूक आणखी वाढते. त्या सगळ्या ओळी ठेवा. तोडणीचा निर्णय मोजलेल्या साखरेवरून झाला असेल, तर बहुस्तरीय (मिश्र) मॉडेल आधीच्या नोंदींच्या आधाराने प्रत्येक बागेची रेघ बरीच बरोबर काढतं. भाव पाहून किंवा पावसाच्या भीतीने तोडलं असेल, तर ते कारण वेगळ्या स्तंभात लिहून ठेवायला हवं, आणि हे काम बागेतच करावं लागतं.

पाण्याचा परिणाम पाहताना प्लॉटची सरासरी आणि त्या आठवड्याचा सरासरीपासूनचा फरक अशी दोन चलं करा. जास्त पाण्याची बाग आणि त्याच बागेतला जास्त पाण्याचा आठवडा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तालुका मात्र घाईने रँडम स्तर करू नका. बागा दोन-चारच तालुक्यांतल्या असतील, तर एवढ्यांवरून तालुक्यातालुक्यांतला फरक नीट मोजता येत नाही; ते साधे स्थिर गट म्हणून घाला.