द्राक्षबागेच्या मातीतून प्रतिजैविकांच्या जनुकांकडे: एम.एस्सी.च्या प्रकल्पाआधी

आपल्याला हवेत ते स्ट्रेप्टोमायसिस, म्हणजे प्रतिजैविकं बनवणारे मातीतले जिवाणू. निफाड-दिंडोरीच्या बागेत नमुना घेताना वरचा थर खरवडून बाजूला सारा आणि १० ते १५ सेंमी खोलीवरची माती घ्या. बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातलं) तांबं वरच साठतं आणि तिथं तांबं सोसणारे जिवाणूच पुढे येतात. माती सावलीत आठवडाभर वाळवा. काळ्या मातीची ढेकळं होतात, म्हणून चाळून मगच वजन करा. वाळण्यात इतर बरेच जिवाणू मरतात, स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू तग धरतात.

हजारपट ते लाखपट विरल करून स्टार्च केसीन अगरवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) पसरा, २८ अंशांवर ठेवा. बुरशी रोखायला मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घाला. ते विषारी आहे, हातमोजे हवेतच. तिसऱ्या दिवशी प्लेट टाकून देऊ नका, ७ ते १४ दिवस लागतात. हवी ती कॉलनी चामड्यासारखी चिवट असते, अगरात रुतून बसते, लूपने ओढल्यास सहज सुटत नाही. नंतर तिच्यावर खडूच्या भुकटीसारखा थर चढतो आणि पहिल्या पावसाचा वास सुटतो. तो जिओस्मिनचा, या जिवाणूंनी बनवलेल्या संयुगाचा.

खरी अडचण पुढे, कॉलनीतून डीएनए काढताना आहे. पेशीभित्ती जाड असल्याने नुसत्या एसडीएसने (पेशी फोडणाऱ्या डिटर्जंटने) डीएनए मिळत नाही. आधी भित्ती तोडणारं विकर लायसोझाइम (मिलिलिटरला १० मिलिग्रॅम), ३७ अंशांवर तासभर. या डीएनएत जी-सी (ग्वानिन-सायटोसिन) जोड्या सुमारे ७२ टक्के, त्या सहज सुटत नाहीत; त्यामुळे नेहमीच्या पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीला) जेल कोरी दिसते. त्या सुटायला मदत म्हणून ५ टक्के डीएमएसओ (एक द्रावक) घाला. आधी १६-एसचा, म्हणजे सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचा, बँड येतो का पाहा; तो आला नाही तर दोष डीएनएत आहे, पॉलिकेटाइड सिंथेजच्या (बरीच प्रतिजैविकं घडवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या) प्रायमरला बोल लावू नका.

पॉलिकेटाइड सिंथेजचा बँड आला म्हणजे प्रतिजैविक तयार होतंच असं नाही, आणि प्लेटवर निरोध वर्तुळ (कॉलनीभोवती इतर जिवाणू न वाढलेली जागा) दिसलं नाही म्हणून जनुकं नाहीत असंही नाही. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला, तेव्हा प्रतिजैविकांसारख्या संयुगांचे २० हून अधिक जनुकगट सापडले; त्यातले बरेचसे तोवर अनोळखी होते. फॉस्फेट किंवा ग्लुकोज जास्त झालं की हे गट गप्प बसतात. म्हणून माध्यम बदलून पाहा: लिटरभर नळाच्या पाण्यात मॅनिटॉल, सोयाबीनचं पीठ आणि अगर प्रत्येकी २० ग्रॅम.

पूर्ण जनुकसंच वाचून घेणार असाल तर लांब रीड (एका दमात वाचलेले डीएनएचे तुकडे) मागा. पॉलिकेटाइड जनुकांत एकसारखे तुकडे पुन्हापुन्हा येतात. छोट्या रीडमध्ये गट मधेच तुटतो आणि अँटीस्मॅश (असे जनुकगट शोधणारं सॉफ्टवेअर) एकाच गटाचे दोन-तीन गट मोजतं.