बॉयलरची सुई शून्यावर गेली तर आधी काय बघायचं (युकेतल्या घरांसाठी)

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन, मामा हीटिंग बंद पडलंय, बॉयलरवर एफ 22 असं काहीतरी दिसतंय आणि आम्ही तिघं स्वेटरवर स्वेटर चढवून बसलोय. तो सप्टेंबरात पुण्याहून रेडिंगला आलाय, त्याला यातलं कुठून माहीत असणार, आपल्याकडे गीझरचं बटण दाबलं की विषय संपला. त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहितोय.

हे सगळं कॉम्बी बॉयलरबद्दल आहे, म्हणजे किचनमधल्या कपाटात भिंतीवर असतो तो. तुमच्या लॉफ्टमध्ये हीटिंगची छोटी टाकी असेल तर तुमची सिस्टिम जुन्या पद्धतीची, तिला यातलं फारसं लागू नाही.

रेडिएटरमध्ये तेच ते पाणी बंद पाइपांतून फिरत असतं, नळाला येणारं गरम पाणी वेगळं. म्हणून प्रेशर आपोआप कमी व्हायचं काही कारणच नसतं. सिस्टिम थंड असताना बॉयलरवरच्या प्रेशरच्या मीटरची सुई 1 ते 1.5 बारच्या मधे हवी, तापल्यावर 2 च्या आसपास गेली तर घाबरू नका, पाणी तापलं की फुगतं. 1 बार म्हणजे किती, तर साधारण 10 मीटर उंच टाकीच्या पाण्याचा जोर, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरची टाकी धरा. फार खाली गेलं की बॉयलर स्वतःच बंद पडतो आणि कोड दाखवतो, व्हॅलंट कंपनीच्या बॉयलरवर एफ 22, आयडियल कंपनीच्या बॉयलरवर एफ 1, बाकीच्यांचे मॅन्युअलमध्ये बघा.

पाणी भरणं सोपं आहे. बॉयलर बंद करून थंड होऊ द्या. खाली चंदेरी जाळीचा एक लवचिक पाइप असतो, त्याला फिलिंग लूप म्हणतात, त्याच्या दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह. काही मॉडेलमध्ये पाइपाऐवजी लिव्हर नाहीतर प्लास्टिकची चावी असते. एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दुसरा अगदी हळू, पाण्याचा सूंऽऽ आवाज येईल, नजर सुईवर ठेवा आणि सव्वाच्या जवळ आलं की दोन्ही बंद. दोन्ही! माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एक अर्धवट बंद केला आणि दुसरा विसरलोच, सकाळी शेजारीण सांगायला आली की तुमच्या भिंतीतून पाणी गळतंय. तो गळणारा तांब्याचा पाइप म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हचा, प्रेशर 3 बारला गेलं की तो उघडतो आणि पाणी बाहेर फेकतो, कुकरची शिट्टीच समजा.

भरून झालं आणि महिनोन्महिने सुई जागेवर राहिली तर उत्तम. भाच्याकडे तेच निघालं, फ्लॅटमेटने दुपारी रेडिएटरची हवा काढली होती आणि हवा गेली की प्रेशर उतरतं हे त्याच्या गावीच नव्हतं. पण दर आठवड्याला भरावं लागत असेल तर नुसतं भरत राहू नका. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि तो काळा गाळ शेवटी पंपात जाऊन बसतो. ते पाणी जातंय कुठे ते शोधा.

माझी पद्धत अशी की दोन दिवस कागदावर लिहायचं, सकाळी थंड असताना किती आणि तासभर हीटिंग चालल्यावर किती. तापल्यावर सुई थेट 3 कडे धावते आणि थंड झाल्यावर शून्याला येते, असं असेल तर बहुतेक एक्स्पान्शन व्हेसल गेलंय. हा एक डबा असतो, मधे रबराचा पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा, फुगलेल्या पाण्याला जागा तिथेच मिळते. हवा निघून गेली की जागा संपते आणि पाणी त्या शिट्टीतून बाहेर जातं. खात्री करायची तर बॉयलर थंड असताना बाहेरच्या त्या तांब्याच्या पाइपाला प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी पिशवीत पाणी सापडलं तर चोर सापडला. गरम असताना तिथे हात नेऊ नका, पाणी उकळतं असू शकतं.

उलट, हीटिंग बंद असतानाही सुई वरवर चढत असेल तर बहुतेक फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये. खरंतर भरून झाल्यावर तो पाइप काढून ठेवायचा असतो, कोणी काढत नाही ही गोष्ट वेगळी. तो काढूनही चढतच असेल तर बॉयलरच्या आतलं काम आहे.

तापो न तापो, सुई रोज थोडी थोडी उतरतेय? मग लीक. टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही व्हॉल्व्हभोवती फिरवा, कारण बारीक गळती डोळ्याला दिसत नाही, गरम पाइपावरच सुकून जाते आणि फक्त हिरवट-पांढरा डाग राहतो. कार्पेटखाली आणि खालच्या सीलिंगवरही नजर टाका.

बॉयलरचं मुख्य कव्हर मात्र उघडायचं नाही आणि गॅसच्या पाइपाला हात लावायचा नाही, त्यासाठी गॅस सेफ रजिस्टर्ड (म्हणजे गॅसचं काम करायची अधिकृत नोंदणी असलेला) माणूसच लागतो, आल्यावर त्याचं कार्ड बघायला मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. भाड्याने राहत असाल तर बहुतेक वेळा हा खर्च तुमचा नाहीच, इंग्लंडमध्ये 1985 च्या कायद्याप्रमाणे नेहमीच्या भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाणी चालू ठेवणं घरमालकाकडे असतं, त्याला फोनवर न सांगता ईमेल करा आणि सुईचे फोटो जोडा. इंजिनिअरलाही येण्याआधी तो कागद वाचून दाखवा, थंड असताना इतकं, गरम असताना इतकं, पिशवीत पाणी होतं का नव्हतं, म्हणजे तो व्हेसलचं सामान घेऊनच येईल आणि दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतील.