लॉ, पॉलिटिक्स आणि सायन्स: तिन्हीचा एकत्र विचार करायचा तर एकच वही ठेवा

माझं बीएस्सी फिजिक्समध्ये झालंय, आता एलएलबी करतोय आणि मैत्रिणीच्या नादाने राज्यशास्त्राच्या लेक्चरलाही मागच्या बाकावर जाऊन बसतो, त्यामुळे डोक्यात कायम खिचडी. ती निस्तरायची माझी पद्धत सांगतो.

एबीसीत (पुण्यातला अप्पा बळवंत चौक, वह्या-पुस्तकांचा बाजार) जाऊन एक जाड वही घ्या, एकच, तीन नकोत. रोज लेक्चरमधून फक्त एक शब्द उचलायचा (व्याख्या उतरवू नका, ती गाईडमध्ये असतेच), पण शब्द असा हवा की तो बाकी दोन वर्गांतही येतो. पुरावा, बहुमत, चूक, अपवाद वगैरे. मग तिन्हीकडे त्याला एकच प्रश्न विचारायचा.

माझा पहिला शब्द होता 'नियम', आणि तो सुचला नळ स्टॉपला. सिग्नल लाल, एक काका ॲक्टिव्हा फुटपाथवर चढवून सुटले, आणि पुढे झाडामागून मामा आले की बाहेर, फाडली पावती. म्हणजे इथे नियम मोडला की माणूस धरतात. पण ग्रहाने नियम मोडला तर पावती कोणाच्या नावावर फाडायची? युरेनस न्यूटनच्या हिशोबाने चालेना तेव्हा न्यूटनला कोणी लगेच घरी बसवलं नाही, म्हणाले पलीकडून अजून कोणीतरी ओढत असणार, आणि 1846 मध्ये खरंच नेपच्यून सापडला. मग बुधाला पण तोच न्याय लावला, त्याची कक्षा शंभर वर्षांत साधारण 43 आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा 3600वा भाग) जास्त सरकत होती, एवढ्याशा फरकासाठी व्हल्कन नावाचा ग्रह कल्पून झाला, शोधून झाला, तो काही मिळाला नाही, आणि 1915 मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच नवा मांडून हिशोब जुळवला. लॉच्या भाषेत, पहिल्या केसमध्ये साक्षीदार लपला होता, दुसऱ्या केसमध्ये कायदाच कच्चा होता. आता कुठलं कलम वाचताना गडबड वाटली की मी आधी हेच बघतो, यातलं काय असेल.

वहीत उजव्या पानावर माहिती लिहायची, पेनाने. डाव्या पानावर स्वतःचं मत, आणि ते पेन्सिलनेच, कारण खोडावं लागतं हो.

नंतर वही दुसऱ्या विषयाच्या माणसाला वाचायला द्या, आपल्या वर्गातल्याला नको, तो मान डोलावतो फक्त. मी डाव्या पानावर ऐटीत लिहिलं होतं, 'सायन्समध्ये मतदान नसतं'. मैत्रिणीने टेकडीवर बसून वाचलं आणि शेजारी लिहिलं, 'मग प्लूटो?' बरोबरच होतं, 2006 मध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करूनच त्याला ग्रहांतून काढला. मी म्हटलं अगं मत फक्त व्याख्येवर पडलं, प्लूटो आहे तिथेच फिरतोय. तर म्हणे, ठीक, मग तुझा केशवानंद भारती खटला घे. सुप्रीम कोर्ट, 1973, 13 न्यायाधीश, 7 विरुद्ध 6, म्हणजे संसदेला संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही हे एका मताने ठरलं, तर ती चौकट नेपच्यूनसारखी आधीपासून होती आणि कोर्टाला सापडली, की प्लूटोसारखी मत देऊन ठरवली?

दीड महिना झाला, ते पान कोरं आहे.

एक सांगायचं राहिलं, हे सगळं पेपरात लिहू नका. मी इंटर्नलला बुध घुसवला होता, सरांनी लाल पेनाने गोल करून शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.