एक लॅपटॉप, तिघं युजर आणि ‘परमिशन डिनाइड’

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांनी जुना लॅपटॉप भंगारात न देता त्यावर उबुंटू नाहीतर मिंट यांपैकी एक लिनक्स सिस्टिम टाकली. आमच्याकडेही तेच. मशीन एक, वापरणारे तिघं. लिनक्स ॲडमिनच्या नोकरीची तयारी करणारं कुणी भेटलं की मी सांगतो, कोर्स नंतर लावा, आधी घरच्या मशीनवर घरच्या माणसांची खाती उघडा. व्हर्च्युअल मशीनमधले (म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली कॉम्प्युटरवरचे) ‘युजर १’ आणि ‘युजर २’ कधी तक्रार करत नाहीत. आई करते.

खाती उघडणं सोपं आहे, सेटिंग्जमधून दोन मिनिटांत होतं. इन्स्टॉल करताना तयार झालेलं पहिलं खातं ॲडमिनचं असतं. उबुंटूत ते ‘सुडो’ ग्रुपमध्ये जातं, म्हणजे ॲडमिनचे अधिकार वापरता येणाऱ्यांच्या गटात. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये त्याच कामाचा ग्रुप ‘व्हील’. बाकीच्यांना साधं खातं द्या. “अपडेट मारायला पासवर्ड मागतो, मलाही ॲडमिन कर ना,” असं बाबा म्हणतील. अपडेट तुम्ही मारा.

खरा अभ्यास पुढे आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, फाइलींची यादी दाखवणारं ‘एलएस -एल’ मारलं की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दहा जागा दिसतात. पहिली जागा फाइल आहे की फोल्डर ते सांगते. उरलेल्या नऊ तीन-तीनच्या: मालक, ग्रुप, बाकी सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. प्रत्येक तिघांची बेरीज करून एक आकडा. म्हणजे ६४० असेल तर मालक वाचेल-लिहील, ग्रुप नुसता वाचेल, बाकीच्यांना काही नाही. एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो फोल्डरपाशी, कारण तिथे याच तीन परवानग्यांचे अर्थ बदलतात. फोल्डरवर ‘वाचणं’ म्हणजे आतली नावं दिसणं, ‘चालवणं’ म्हणजे आत शिरता येणं, आणि ‘लिहिणं’ म्हणजे आतली नावं घालता-काढता येणं.

हे करूनच बघा. स्वतःच्या होम फोल्डरात ‘सुडो टच’ वापरून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, एक रिकामी फाइल बनवा. तिचा मालक रूट, म्हणजे सिस्टिमचा सर्वाधिकारी युजर. तुम्हाला तिच्यात एक अक्षर लिहिता येत नाही. आता सुडो न लावता ती पुसण्याच्या ‘आरएम’ कमांडने उडवा. ‘राइट-प्रोटेक्टेड’ आहे, काढू का, असं तो विचारतो. ‘वाय’ दाबलं की फाइल गेली. रूटची फाइल साध्या युजरने पुसली, कारण पुसणं ही फाइलवरची नाही, फोल्डरवरची क्रिया आहे आणि फोल्डर तुमचं आहे. मग ‘टेम्प’ फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळं असताना तिथे एकमेकांच्या फाइली का पुसता येत नाहीत? त्यावर १७७७ असतं. पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट: दुसऱ्याची फाइल साध्या युजरला पुसता येत नाही. इंटरव्ह्यूत हा प्रश्न आला तर तुम्ही पाठांतर सांगणार नाही, बघितलेलं सांगाल.

दुसरी ठेच शिरण्याच्या परवानगीची. उबुंटूत २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० असतं, त्याआधी ७५५ असायचं. त्यामुळे तुमच्या पिक्चर्समधला फोटो ६४४ असला, म्हणजे सगळ्यांना वाचायला खुला असला, तरी बाबांना तो उघडत नाही. वाट होमच्या दारातच अडते. नवशिका अशा वेळी फोटोच्याच परवानग्या बदलत बसतो. त्यापेक्षा ‘नेमआय -एल’ला फाइलचा पूर्ण पाथ (पत्ता) द्या, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी ओळीने दाखवतो, कुठे अडलं ते लगेच कळतं.

आणि ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं? असा सल्ला कुणी दिला की पुढचं वाचू नका. होम फोल्डरवर सरसकट ७७७ मारलं तर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) तुमची प्रायव्हेट की, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त फाइल, वापरायलाच नकार देतं, ‘फार उघडी आहे’ म्हणून.

फोटो, बिलं, शाळेची कागदपत्रं सगळ्यांना हवी असतात, त्यासाठी वेगळा फोल्डर करा. मी तो सिस्टिमच्या ‘एसआरव्ही’ फोल्डरखाली ठेवतो. ‘घर’ नावाचा ग्रुप बनवायचा (नाव रोमन लिपीत), तिघांना त्यात घालायचं, फोल्डरचा ग्रुप तो करायचा आणि परवानग्या बदलणाऱ्या ‘सीएचमॉड’ने २७७० द्यायचं. पुढचा २ म्हणजे सेट-जीआयडी: आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप ‘घर’ ग्रुपची होते. रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए या लिनक्स ॲडमिन परीक्षेच्या अभ्यासक्रमात परवानग्यांचा विषय असतोच. पण आईने डाउनलोड्समधून फोटो ओढून इथे टाकला की कधीकधी तो दुसऱ्यांना उघडत नाही, याचं कारण पुस्तकात चटकन सापडत नाही. एकाच डिस्कवर फाइल हलवली की ती नवी बनत नाही. जुना ग्रुप, जुन्या परवानग्या घेऊनच येते. टर्मिनलमधून ‘सीपी’ने कॉपी केली तर नवी बनते आणि ‘घर’ ग्रुप लागतो. नव्या फाइली दुसऱ्यांना वाचता येतात पण बदलता येत नाहीत, असं झालं तर ‘सेटएफएसीएल’ने फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल लावा, म्हणजे आत बनणाऱ्या फाइलींना आपोआप लागणाऱ्या जादा परवानग्या. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून परत या, तोवर नवा ग्रुप लागू होत नाही.

एक धोका ठळक सांगतो. ग्रुपमध्ये घालायला ‘यूजरमॉड’ वापरताना कॅपिटल ‘जी’च्या आधी छोटा ‘ए’ हवाच. तो राहिला तर माणूस नव्या ग्रुपमध्ये जातो आणि बाकी सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर पडतो, सुडोतूनही. आमच्या भाच्याने स्वतःच्याच खात्यावर हे केलं आणि मशीनवर ॲडमिन कुणीच उरला नाही. उपाय: रीस्टार्ट करून ग्रबच्या (सिस्टिम सुरू होण्याआधीच्या) मेनूतून रिकव्हरी मोड, त्यात रूट शेल (रूटच्या अधिकाराने कमांड टाइप करायची जागा), डिस्क लिहिण्याजोगी माउंट करून (जोडून) घ्यायची आणि ‘ॲडयूजर’, त्याचं नाव, ‘सुडो’. पाच मिनिटांत गाडी रुळावर.

उबुंटूत रूटचा पासवर्ड मुळातच बंद असल्याने त्या रूट शेलने भाच्याला पासवर्ड विचारला नाही. हा शेल दुसऱ्या कुणालाही विचारणार नाही. लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट दुसरी सिस्टिम सुरू होते असा) लावला तरी तेच, ७०० वगैरे सगळं बाजूला राहतं. परवानग्या चालू सिस्टिममध्ये माणसांना एकमेकांपासून वेगळं ठेवतात, चोरापासून नाही. लॅपटॉप घराबाहेर नेणार असाल तर इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्शनवर (पासवर्डशिवाय डिस्क वाचता येऊ न देणाऱ्या पर्यायावर) टिक करा. नंतर करायचं म्हटलं तर बहुतेक वेळा बॅकअप घेऊन पुन्हा इन्स्टॉलच करावं लागतं.